कार्ट्रिज रिफिलिंगसाठी शाई: कुठली घ्यावी, कुठून घ्यावी? (अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. अमळनेरला भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला लागूनच्या गाळ्यात कार्ट्रिज रिफिलिंग सुरू करतोय. टोनरचं (लेझर प्रिंटरच्या पावडरचं) काम येतं, १२ए, ८८ए, कॅनन २९०० ची ३०३, हे सगळं जळगावला एका दुकानात राहून शिकलो. घोडं अडलंय ते शाईपाशी.

एक विक्रेता म्हणतो ‘युनिव्हर्सल’ घे, चार रंगांचे चार कॅन, एचपी, कॅनन, एपसन, ब्रदर सगळ्यांना चालते. दुसरा म्हणतो प्रत्येक कंपनीची वेगळी घे, आणि त्याचा लिटरचा भाव पहिल्याच्या जवळपास दुप्पट. तिसऱ्याने नुसतं ‘डाय हवी की पिगमेंट’ एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

गिऱ्हाईक म्हणाल तर शाळा, कोर्टातले वकील, सेवा केंद्रवाले, एक फोटो स्टुडिओ आणि घरगुती प्रिंटर. मशीन बहुतेक एचपीची (६८०, ६८२, ८०३), कॅननची ७४५-७४६ आणि ४७-५७, आणि अलीकडे एपसनच्या टाकीवाल्या एल३११०, एल३२५०. भांडवल बेताचंच. सुरुवातीला काय आणि किती भरू?

जळगावकर_७२
जळगावच्या गोलाणी मार्केटला चक्कर मार. १०० मिलीच्या बाटल्यांपासून लिटरपर्यंत सगळं मिळतं. कॅन नंतर घे, आधी बाटल्या.

पांझरा
भो, पहिले हाई सांग, गिऱ्हाईक कितला शेतस? टाकीवाल्या प्रिंटरमुळे शाईच्या कार्ट्रिजचं काम आमच्या धुळ्यात निम्म्यावर आलंय. एपसनवाला बाटली आणतो आणि घरीच ओततो. तू रिफिलिंगसाठी शाई घेतोयस की बाटल्या विकण्यासाठी, यावर सगळी खरेदी ठरते.

बोरीकाठ
दोन्ही, दादा. कार्ट्रिज अजून बऱ्यापैकी येतात, शाळांमध्ये जुनी मशीनं आहेत. पण एपसनची शाई मागणारे रोज येतात हे खरं.

हतनूर
भुसावळला बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाई निवडताना कंपनीचं नाव नंतर बघा. आधी हेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग, कसं आहे ते बघा. एचपी आणि कॅननमध्ये नोझलच्या (हेडवरच्या बारीक भोकांच्या) मागे बारीक हीटर असतो. तो क्षणात ३०० अंशांच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि त्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. एपसन आणि ब्रदरमध्ये उष्णता नसते. तिथे विजेवर वाकणारा स्फटिक असतो, तो पिचकारीसारखा थेंब ढकलतो. म्हणजे एका शाईला भाजून निघायचं असतं, दुसरीला नाही. गरम हेडसाठी न बनलेली शाई हीटरवर जळून बसते, त्याचा थर साचतो आणि थेंब बारीक होत जातो. गिऱ्हाईक म्हणतं ‘प्रिंट फिकी येते’, आपण पुन्हा भरतो, तरी फिकीच. उलट एपसनमध्ये शाईचा पातळपणा आणि पृष्ठताण नेमका लागतो, नाहीतर नोझलच्या तोंडाशी शाई पसरते किंवा मध्येच हवा शिरते.

दुसरी गोष्ट डाय आणि पिगमेंटची. डायमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो. पिगमेंटमध्ये अतिशय बारीक कण तरंगत असतात. तुझ्या यादीतलं काय कशात बसतं ते सांगतो. एचपी ६८०, ६८२, ८०३ चा काळा पिगमेंट, रंगीत डाय. कॅननच्या ‘पीजी’ म्हणजे ७४५ आणि ४७ पिगमेंट, ‘सीएल’ म्हणजे ७४६ आणि ५७ डाय. एपसनच्या ००३ बाटलीवर चालणाऱ्या एल३११०, एल३२५० मध्ये चारही रंग डाय. पण एपसनच्याच ००१ बाटलीचा (एल४१५०, एल६१६०) काळा पिगमेंट असतो. कॅननच्या जी मालिकेत जीआय-७९० चा काळा पिगमेंट, एचपीच्या टाकीवाल्यांचा जीटी५१, जीटी५३ काळाही पिगमेंट. ब्रदरचा बीटीडी६० काळा, तोही पिगमेंट.

म्हणजे ‘एपसनचा काळा द्या’ असं कुणी मागितलं तर बाटलीचा नंबर विचारल्याशिवाय हात पुढे करू नकोस. ००३ च्या मशीनमध्ये ००१ चा काळा गेला तर महिनाभर काही कळणार नाही आणि मग एकदम कळेल.

केळीचं_पान
हतनूर भाऊंचं सगळं पुस्तकातलं बरोबर आहे, पण मी रावेरला कायम युनिव्हर्सल भरतो. काळा पिगमेंट एक, रंगीत डायचे तीन. एचपी, कॅनन दोघांना तेच. तक्रार नाही. उगीच नवीन माणसाला घाबरवू नका.

हतनूर
एचपी-कॅननमध्ये तुमचं चालतं, ते मी नाकारत नाहीच. दोन्ही गरम हेडवालेच. शिवाय त्या कार्ट्रिजला हेड चिकटलेलं असतं. चार-सहा वेळा भरलं, नोझल गेले, कार्ट्रिज फेकून दिली, नवीन घेतली. शाईमुळे गेलं की वयामुळे, कुणी विचारत नाही. एपसनचं हेड मशीनमध्ये बसवलेलं असतं. ते गेलं तर दुरुस्तीचा खर्च ऐकून गिऱ्हाईक प्रिंटर दुकानातच सोडून जातं. तुमच्याकडे एपसन किती येतात?

केळीचं_पान
कमी येतात. केळीच्या गाड्यांच्या पावत्या काढणाऱ्यांकडे सगळे जुने एचपी. बरं, एपसनमध्ये मी ओरिजिनल बाटलीच देतो, हे मात्र खरंय.

हतनूर
मग आपलं भांडण कशावर चाललंय? 🙂

सातपुड्याची_ताई
मी शहाद्याला सेवा केंद्र चालवते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूची. दुकानदार दादांना एक सांगते. आमच्याकडे जो कागद निघतो तो माणूस घडी करून खिशात घालतो आणि पावसात मोटारसायकलवर निघतो. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना ऐन पावसाळा होता. टाकीवाल्या प्रिंटरवर काढलेली कागदपत्रं बायका ओल्या पदराखाली धरून आणायच्या आणि अक्षरं पसरलेली. एचपीवर काढलेले कागद टिकले. तेव्हा कळलं की काळी शाई एकसारखी नसते. आता दाखले, सातबारा, प्रवेशपत्र सगळं लेझरवर, नाहीतर पिगमेंट काळा असलेल्या मशीनवर.

रिफिल करणाऱ्याने एवढंच करावं. मूळ काळा पिगमेंट असेल तर परत पिगमेंटच भरावा. मला एका ठिकाणी डाय भरून दिला होता. प्रिंट दिसायला छान होती, पण थेंब पडला की गेली.

बोरीकाठ
ताई, हे डोक्यातच नव्हतं. पण विक्रेत्याने बाटलीवर ‘पिगमेंट’ छापलं म्हणजे ती पिगमेंटच असेल कशावरून?

हतनूर
एक थेंब टिश्यू पेपरवर किंवा टीपकागदावर टाक आणि जरा थांब. डाय कडेपर्यंत रंगासकट पसरत जाते. पिगमेंटमध्ये मधोमध काळा ठिपका राहतो आणि भोवती पाण्याचं फिकट वर्तुळ येतं. दुसरं, साध्या ७५ जीएसएम बाँड पेपरवर ओळी छाप, दुसऱ्या दिवशी वर पाण्याचा थेंब ठेव आणि बोट फिरव.

आणि बाटली एका जागी न हलवता बरेच दिवस ठेव. नंतर हळूच उलटी करून तळ बघ. पिगमेंटमध्ये थोडा गाळ बसणारच, पण बाटली दोन-चारदा सावकाश उलटसुलट केली की तो परत मिसळला पाहिजे. तळाशी चिकटून राहिला तर ती शाई घेऊ नकोस. नोझलचं भोक केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतं. आणि जोरात हलवू नकोस, फेस होतो, तोच फेस सिरिंजमधून कार्ट्रिजच्या आतल्या स्पंजमध्ये जातो आणि मग प्रिंटमध्ये पांढऱ्या रेघा.

पांझरा
हिशोबाचं मी सांगतो, कारण सगळे तिथेच फसतात. काळ्या कार्ट्रिजमध्ये समजा ८ मिली शाई बसली. एका लिटरमध्ये १२५ कार्ट्रिज. चांगली शाई लिटरमागे ५०० रुपयांनी महाग असेल, तर एका कार्ट्रिजमागे फरक ४ रुपये. चार रुपये! आता भरलेल्या कार्ट्रिजपैकी किती परत येतात ते मोज. परत आलेली एक कार्ट्रिज धुणं, सक्शन लावणं, पुन्हा भरणं, वर गिऱ्हाइकाचं तोंड बघणं. लिटरचा भाव बघून शाई घेणाऱ्याला हा खर्च वहीत कुठेच दिसत नाही.

आमच्याकडे म्हणतात ना, स्वस्तनी शाई महाग पडस. दर महिन्याला जिथे स्वस्त तिथून घ्यायची, हे तर अजिबात करू नकोस. स्पंजमध्ये आधीच्या शाईचं उरलेलं असतंच. दोन वेगळ्या कारखान्यांच्या पिगमेंट शाया एकत्र आल्या की कधी कधी गोळ्या धरतात. एक माल ठरव आणि त्यालाच धरून राहा. बाटलीवर बॅच नंबर असेल तर वहीत लिहून ठेव, म्हणजे तक्रार आली तर विक्रेत्याला नेमकं सांगता येतं. बॅच नंबरच नसेल तर तो विक्रेता नको.

जळगावकर_७२
मुंबईला लॅमिंग्टन रोडवर भाव आणखी पडतो. पण कुरिअरवाले द्रव माल घेताना कुरकुर करतात, विमानाने तर नाहीच. ट्रान्सपोर्टने मागव आणि सील नीट बघून घे.

बोरीकाठ
मी सुरतचा विचार करत होतो. तापी लाइनवर गाडी थेट आहे, सकाळी जाऊन रात्री परत. तिथे शाई लिटरवर फार स्वस्त मिळते म्हणतात.

पांझरा
थांब थांब. सुरतला जी लिटरनं स्वस्त मिळते, त्यातली बरीचशी कापडाच्या डिजिटल छपाईची. साडीवर, पॉलिस्टरवर छापायची. सब्लिमेशन, डिस्पर्स, रिअॅक्टिव्ह. कॅन तसाच, रंगही तसाच दिसतो. ती तुझ्या ६८० मध्ये घालायची नाही. दुकानात गेलास तर ‘ऑफिस प्रिंटरची, पाण्यावरची, अमुक मॉडेलची’ असं सांगून घे. आणि बिलावर मॉडेल लिहून घे.

सातपुड्याची_ताई
सब्लिमेशन म्हणजे कॉफीच्या मगांवर छापतात तीच ना? आमच्या शेजारी एकाने टाकली होती.

पांझरा
तीच. कागदावर छापली की रंग मळकट दिसतो, हीट प्रेसमध्ये १८०-२०० अंशांना उडून मगवर किंवा टी-शर्टवर बसला की खुलतो. ती एपसनसारख्या बिनउष्णतेच्या हेडमध्येच घालतात, आणि त्यासाठी मशीन वेगळी ठेवतात. कुणी फोटोच्या मशीनमध्ये ती टाकली तर फोटो मळकट येणार.

केळीचं_पान
उन्हाळ्याचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये शाईचा साठा ठेवला की संपलंच. झाकण थोडं जरी सैल असलं तरी पाणी उडतं, शाई दाट होते, मग नोझल तुंबतात. शाळेच्या मशीनी तर सुट्टीभर बंद, जूनमध्ये सगळ्या एकदम माझ्याकडे. मी मे महिन्यात दोन महिन्यांपेक्षा जास्तीचा माल भरत नाही. बाटल्या खाली फरशीवर, खोक्यात, खिडकीपासून लांब. उघडलेली बाटली सहा महिन्यांत संपवायची.

आणि बोअरचं पाणी हेड धुवायला वापरू नकोस भाऊ. आपलं पाणी केवढं क्षारयुक्त आहे ते बादलीवर दिसतंच. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घे. अॅसिड नाही, नुसतं पाणी, हे त्याला दोनदा सांग.

हतनूर
बरोबर. पाणी कोमट करून घेतलं की हेडच्या तोंडावरची सुकलेली शाई पटकन सुटते. कार्ट्रिज टिश्यूवर उभी ठेवायची. घासायचं अजिबात नाही.

सिरिंज प्रत्येक रंगाला वेगळी, आणि पिगमेंटची सिरिंज डायमध्ये कधीच नाही. रंगीत कार्ट्रिजमध्ये भोकांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून आधी प्रत्येक भोकात टूथपिक घालून रंग बघ, मग भर. जास्त भरलं तर रंग एकमेकांत उतरतात, पिवळ्यात मजेंटा गेला की तो नारिंगीच होऊन बसतो.

बोरीकाठ
स्टुडिओवाल्याचं काय करू? त्याचं म्हणणं, दुसरी शाई घातली की चेहरे लाल येतात.

हतनूर
येणारच. मशीनचे रंग कंपनीच्या शाईवर बांधलेले असतात. दुसरी शाई म्हणजे तिचा स्वतःचा कल. कलर प्रोफाइल (त्या शाईसाठी रंग जुळवणारी फाइल) बनवून घेतलं तर सुधारतं, पण ते काम कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. लग्नाच्या हंगामात स्टुडिओवाल्याला ओरिजिनल बाटली दे, तुझी डोकेदुखी कमी. पासपोर्ट फोटोवाल्याला चांगली जुळणारी शाई चालते. सावळ्या चेहऱ्यांवर मजेंटाचा जोर आधी दिसतो, त्यामुळे शाईची चाचणी फुलांच्या फोटोवर घेऊ नकोस, माणसाच्या चेहऱ्यावर घे.

एपसनचं गणित त्याला दाखव. ००३ काळ्याची ६५ मिलीची बाटली कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४५०० पानं देते. पानामागे पैशांचाच हिशोब. तिथे दुसरी शाई टाकून फार वाचत नाही. म्हणून मी एपसनला ओरिजिनल विकतो आणि रिफिलिंगची शाई कार्ट्रिजवाल्यांसाठी ठेवतो.

जळगावकर_७२
ओरिजिनलच्या नावाने खोट्या बाटल्याही फिरतात. खोक्यावरच्या छपाईचा दर्जा, सील, बाटलीच्या तोंडाचा साचा हे सगळं एका खात्रीच्या बाटलीशी जुळवून बघ. आणि पक्कं बिल घे.

केळीचं_पान
बिलावरून आठवलं. १८ जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवर १२ च्या जागी १८ टक्के जीएसटी आहे. विक्रेता ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणतो ते त्यामुळेच. बिलाशिवाय घेतलेली शाई खराब निघाली तर दाद कुठे मागणार?

पांझरा
आणखी एक, कायद्याचं. रिफिल करून ‘रिफिल्ड’ म्हणून विकणं ठीक. कंपनीच्या खोक्यात भरून नवीन म्हणून विकणं हा गुन्हा आहे. तुला कुणी रिकामी खोकी पुरवायला येईल, येतातच. त्याला चहा पाज आणि परत पाठव.

भरलेल्या कार्ट्रिजवर आपलं स्टिकर लाव, त्यावर तारीख आणि कितव्यांदा भरली तो आकडा. एचपीमध्ये भरल्यावरही शाई संपल्याचा इशारा येत राहतो, वापरलेली कार्ट्रिज असल्याचंही म्हणतो. ओके दाबलं की छापतं. हे गिऱ्हाइकाला देतानाच सांग, नाहीतर संध्याकाळी फोन येतो, ‘शाई भरलीच नाही तुम्ही’.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. ठरवलेलं लिहितो, कुठे खटकलं तर सांगा.

एचपी-कॅननसाठी पिगमेंट काळा एक लिटर. रंगीत डाय एचपी-कॅननची, तिन्ही रंग २५०-२५० मिली, कारण काळाच जास्त जातो. एपसनला रिफिलची शाई ठेवतच नाही, ००३ च्या ओरिजिनल बाटल्या चारही रंगांत, आणि ००१ चा काळा वेगळ्या खणात, मोठा कागद चिकटवून. माल जळगावहून, आधी १०० मिलीचे नमुने घेऊन टिश्यूवर आणि बाँड पेपरवर बघणार, मगच मोठी बाटली.

हतनूर
बरोबर आहे. फक्त नमुना भरलेली कार्ट्रिज लगेच छापून ‘पास’ म्हणू नकोस. मशीनमध्ये आठवडाभर तशीच राहू दे, मग नोझल चेक (सगळे नोझल चालतात का ते दाखवणारं रेघांचं पान) काढ. ताजी शाई सगळीच चांगली छापते.

केळीचं_पान
पिवळा थोडा जास्त घे. माझ्याकडे तरी तोच आधी संपतो.

बोरीकाठ
पुढचं कळवतो. नमुने आणले. दोन विक्रेत्यांच्या काळ्यापैकी एकाचा ‘पिगमेंट’ टिश्यूवर कडेपर्यंत निळसर पसरला. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘सगळे हीच भरतात.’ दुसऱ्याची ठेवली. मधे ठिपका घट्ट राहिला, पाण्याच्या थेंबाने हललाही नाही, आणि आठवड्यानंतरच्या नोझल चेकमध्ये एकही रेघ तुटलेली नाही.

पांझरा
पहिल्याचं नाव इथे लिहू नको, पण गोलाणीत जाणाऱ्यांना टिश्यू सोबत न्यायला सांग.

सातपुड्याची_ताई
दादा, माझा एल३११० शाईचा पॅड (वाया जाणारी शाई शोषणारा) भरल्याचं दाखवून बंद पडलाय. इथला माणूस म्हणतो सॉफ्टवेअरने रिसेट करून देतो, लगेच चालू होईल. अमळनेरला गाडीने पाठवला तर बघाल का?

बोरीकाठ
पाठवा ताई. नुसतं रिसेट करून घेऊ नका, पॅड भिजलेलाच राहतो आणि शाई खालून टेबलावर येते. मी पॅड बदलून, मग काउंटर रिसेट करून देईन. पाठवताना प्रिंटर आडवा होऊ देऊ नका आणि टाक्यांची झाकणं घट्ट बसलीत का तेवढं बघा.